मिलिंग मशीनचं टेबल सांभाळताना

वाळूज एमआयडीसीतलं जुनं मिलिंग मशीन (फिरत्या कटरनं धातू कापणारं) घरच्या शेडमध्ये आलं, तेव्हा टेबलावर, म्हणजे जॉब (कापायचा तुकडा) बांधतात त्या बिडाच्या सपाट पाटावर, ड्रिलचे खड्डे, पाने पडून आलेले पोचे आणि एंड मिल कटरचा एक लांब चरा होताच. खड्ड्यांनी काम अडत नाही. पोच्याच्या काठाला धातू वर उठलेला असतो, तो मात्र त्रास देतो. बोटाला जेमतेम लागतो, पण व्हाइस (जॉब पकडायचा शिकंजा) त्यावर टेकला की सरळपणा मोजणाऱ्या डायलचा काटा पळत राहतो. तेल टाकून ऑइलस्टोन (धार लावायचा बारीक दगड) सपाट फिरवला की फक्त उठलेला भाग चकाकतो आणि बसतो. कानस तिथं अजिबात लावायची नाही.

माझं बरंचसं काम पेरणी यंत्राच्या फ्लँजचं (जोडणीच्या भोकांची चकती), म्हणजे सगळी भोकं आरपार. मृगाच्या आधी गिऱ्हाईक दारात उभं असतं, आणि अशा घाईतच ड्रिल टेबलात उतरतं. टोकाचा कोन 118 अंश असलेल्या ड्रिलचं टोक व्यासाच्या साधारण 0.3 पट लांब असतं. 10 मिमीचं भोक पूर्ण पडायला टोक जॉबच्या खाली 3 मिमी जातंच. तेवढी जागा खाली हवी, म्हणून जॉब आणि टेबलाच्या मध्ये काहीतरी घालायचं ठरवलं.

आधी एमडीएफ लावून पाहिला. कोरड्या कामाला छान, पण कूलंट (कापताना सोडायचं थंड पाणी) लागला की फुगतो. प्लायखाली तर पाणी धरून राहतं आणि पावसाळ्यात टेबलाच्या बिडाला लाल डाग पडतात. शेवटी भंगारातून 20 मिमीची ॲल्युमिनियम प्लेट आणली. एम10 ॲलन बोल्टचं डोकं 10 मिमी उंच असतं, म्हणून काउंटरबोअर (डोकं आत बसायचा रुंद खड्डा) 13 मिमी खोल घेतला. डोक्यावर 3 मिमी उरतात, तेवढी प्लेट पुन्हा पुन्हा घासता येते. खाली टेबलाच्या टी-स्लॉटमध्ये (उलट्या टी आकाराच्या खाचेत) घट्ट बसणाऱ्या दोन चाव्या, म्हणजे पट्ट्या, आहेत, त्यामुळे प्लेट काढून परत लावली तरी जवळपास तिथंच येते. तरी बारीक कामाआधी मी वरून एक हलका कट मारतोच.

शेजारचे काका टूलरूममधून निवृत्त झालेले. स्लॉटमधल्या टी-नटात स्टड, म्हणजे आटे पाडलेला दांडा, आवळताना त्यांनी हात धरला. "टी-नटातून स्टड खाली निघालाय का बघ की. स्लॉटच्या तळाला टेकला तर जॅकसारखा रेटा देतंय, अन् वरचा ओठच तुटतोय." बीड वाकत नाही, तुटतं, त्याला वेल्डिंग करून सरळ करणं घरच्या माणसाचं काम नाही. तेव्हापासून नटाचा शेवटचा आटा पंच मारून बंद करतो.

स्टेप ब्लॉकखाली (क्लॅम्पला टेकू देणारा पायऱ्यांचा ठोकळा) ॲल्युमिनियमची पट्टी ठेवतो, ओबडधोबड कास्टिंगखालीही तीच. काम झालं की ब्रशनं बरादा (धातूचा कीस) झाडायचा. हवेनं उडवला तर तो टेबल सरकतं त्या स्लाइडमध्ये घुसतो. मग स्लाइडवेचं तेल लावलेला फडका. वरची प्लेट मात्र आता चाळणी झालीय, दिवाळीनंतर उलटी करून वापरणार आहे.