नळीत विष धरलं, मग पोटात का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. रबाळे-महापेच्या प्रयोगशाळांत नव्याने लागलेली मुलं हेच विचारतात: जुलाबाचा आजार करणाऱ्या सी. डिफ या जिवाणूचं आतड्यातलं विष कोलेस्टायरामिन हे पावडरीच्या रूपातलं रेझिन धरून ठेवतं, तर अँटिबायोटिकऐवजी तेच का देत नाहीत?

आधी ‘धरतं’ हे नीट पाहू. ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणाला साधारण १०,००० व्हेरो पेशी (माकडाच्या मूत्रपिंडातून घेऊन वाढवलेल्या) रात्रभर वाढू द्यायच्या. बफरमधल्या (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणातल्या) बी-विषात, म्हणजे सी. डिफच्या एका विषात, मिलिलिटरला १० मिलिग्रॅम रेझिन घालून नळी ३७ अंशांवर तासभर फिरवायची, सेंट्रिफ्यूज करायची आणि वरचा द्रव फिल्टरमधून गाळून दुपटीने विरळ करत पेशींवर घालायचा. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघा. विष उरलं असेल तर पसरलेल्या पेशी आखडून गोल होतात. त्यांचा अ‍ॅक्टिनचा म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनतंतूंचा सांगाडा कोसळलेला असतो.

घोटाळा होतो तो कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठीच्या नळ्यांमध्ये. रेझिन न घातलेली विषाची नळीही त्याच सेंट्रिफ्यूजमधून, त्याच फिल्टरमधून गेलीच पाहिजे. नायट्रोसेल्युलोजचा फिल्टर प्रथिनं स्वतःच धरतो आणि श्रेय रेझिनला जातं. विष नसलेली रेझिनची नळीही हवी, कारण मागे राहिलेले कणही पेशी मारतात. अँटिटॉक्सिन (विष निकामी करणारं द्रव्य) घातल्यावर गोलाई थांबली, तरच ती विषाची. आणि आपल्याकडच्या जुलैत डबा उघडा ठेवू नका: ही पावडर ओल ओढते, मग १० मिलिग्रॅममध्ये पाणीही मोजलं जातं.

आता खरी परीक्षा. कोलेस्टायरामिन मुळात पित्तक्षार धरणारं औषध. आतड्यात पित्तक्षार भरपूर, त्यामुळे विषासाठी जागा किती उरते हे नुसत्या बफरमध्ये कळतच नाही. म्हणून तोच प्रयोग पित्तक्षार घालून आणि निरोगी माणसाच्या गाळलेल्या विष्ठेत पुन्हा करायचा. माझ्या मते, हे केल्याशिवाय निकाल कुणाला दाखवूच नये.

शिवाय कोलेस्टायरामिन व्हँकोमायसिन हे या आजारावरचं अँटिबायोटिकही धरतं. दोन्ही एकदम दिली तर औषधच वाया जातं.

विषासाठी खास बनवलेला टोलेव्हामर हा पॉलिमरही २०१४ साली छापलेल्या मोठ्या चाचण्यांत मागे पडला: यश ४४ टक्के, मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचं ७३, व्हँकोमायसिनचं ८१. जिवाणू जिवंत, विष बनवणं चालूच. पण टोलेव्हामरने बरे झालेल्यांत आजार उलटण्याचं प्रमाण बरंच कमी होतं. म्हणून या वाटेवरचं काम मला अजूनही मोलाचं वाटतं.