निवड झाली त्या रात्री

एम.ए.च्या वर्गाला जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर शिकवताना त्याच्या ‘बीइंग अँड टाइम’ या ग्रंथाचा (१९२७) चाळिसावा विभाग आला की मी घाई करत नाही. भीतीला समोर काहीतरी असतं: अंगावर येणारा कुत्रा, परीक्षा, थकलेला हप्ता. हायडेगर जिला चिंता (आंग्स्ट) म्हणतो, तिच्यात बोट ठेवावं असं काहीच नसतं. धोका कुठेच नाही, तरी श्वास कोंडतो.

इथवर आलो आणि एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, निवड झाली त्या रात्री मला हेच झालं होतं.”

स्पर्धा परीक्षेतून तिला नोकरी लागलीय, नियुक्तीपत्र यायचंय. गावात पेढे वाटले, चौकात फ्लेक्स लागला. “फोन थांबत नव्हते, आणि मला कशाचंच काही वाटेना. दुःखही नव्हतं. आई विचारत होती, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नव्हतं.”

माझ्या अंगावर काटा आला. चिंता ओसरल्यावर माणूस ‘तसं काही नव्हतं’ म्हणतो, हे हायडेगरने त्याच विभागात नोंदवलंय, आणि ते उत्तर तो शब्दशः खरं मानतो. तिने ते पान अजून वाचलेलं नव्हतं.

एरवी प्रत्येक गोष्ट कशासाठी तरी असते. पुस्तक परीक्षेसाठी, परीक्षा पदासाठी, पद घरासाठी. चिंतेत ही साखळीच ढिली पडते. उरतं एवढंच, की मी आहे आणि हे आयुष्य मलाच जगायचंय. म्हणून मनःस्थिती ही आत दडलेली खाजगी भावना नव्हे, जग आपल्यापुढे उघडतंच तिच्यातून. हायडेगरचं हे म्हणणं मला त्याच्या इतर कशाहूनही मोलाचं वाटतं.

“मग हे डिप्रेशन नाही का?” एकाने विचारलं. हायडेगर निदान करत नाही. आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, तर डॉक्टरांकडेच जायचं, हे मी दरवर्षी ठणकावून सांगतो.

मग तिचा प्रश्न आला: “सर, खोटं काय? तयारीची वर्षं की ती रात्र?”

मी म्हणालो, दोन्ही खरी. त्या रात्रीने तुझी नोकरी खोटी ठरवली नाही. ‘सगळेच करतात म्हणून’ हे कारण तेवढं काढून घेतलं. आता रुजू व्हायचं की नाही, हे तुला तुझ्या कारणाने ठरवावं लागेल.

“आणि कारण सापडलंच नाही तर?” मागून कुणीतरी म्हणालं. उरलेला तास त्यावरच गेला.