चाळीसपैकी नऊ मशीन

सोमवारी पहिली बॅच बसली आणि मागच्या ओळीतून आवाज आला, "सर, लॉगिन होईना गेलंय!" चाळीसपैकी नऊ मशीन अडल्या होत्या. बाकी एकतीस व्यवस्थित.

नांदेडच्या आमच्या कॉलेज लॅबमध्ये पोरांच्या फायली 'भांडार' नावाच्या एनएफएस सर्व्हरवर (नेटवर्कवरून फायली पुरवणारं मशीन) असतात, तो जोडला गेला नाही की लॉगिन अडतं. एकाचं काम दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून शनिवारीच मी तो कर्बेरॉसवर, म्हणजे तिकीट देऊन ओळख पटवणाऱ्या पद्धतीवर, नेला होता. एरर होता 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर'. या मेसेजचा मला खरंच राग आहे. सर्व्हरने नाकारलं असं वाटतं, म्हणून तासभर एक्स्पोर्ट्स (कुणाला कोणतं फोल्डर द्यायचं याची सर्व्हरवरची यादी) चाळले. घड्याळं पाहिली, कारण पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉसला चालत नाही. सगळं ठीक.

मग एका मशीनवर जीएसएसडी (एनएफएससाठी तिकीट मागणारा प्रोग्रॅम) हाताने, सगळा तपशील दिसावा म्हणून तीन व्ही लावून चालवला. तेव्हा केडीसीचं, म्हणजे तिकीट देणाऱ्या सर्व्हरचं, खरं उत्तर दिसलं: सर्व्हर नॉट फाउंड इन कर्बेरॉस डेटाबेस. म्हणजे तिकीटच मिळालेलं नव्हतं.

तिकीट निघतं ते सर्व्हरच्या नावावर, आयपीवर नाही. सातबारावर ज्ञानोबा आणि आधारवर ज्ञानेश्वर असलं की पीकविमा अडकतो, तसंच हे. माझ्या कीटॅबमध्ये (सर्व्हरचं नाव आणि किल्ली ठेवलेली फाइल) 'भांडार.लॅब.लॅन' होतं आणि या नऊ मशीन नुसत्या 'भांडार'साठी तिकीट मागत होत्या.

आधी कर्बेरॉसच्या सेटिंगमध्ये आरडीएनएस, म्हणजे आयपीवरून नावाचा उलटा शोध, फॉल्स केलं. फरक शून्य. मग मशीनला कोणतं नाव सापडतं ते बघायला 'गेटेंट होस्ट्स भांडार.लॅब.लॅन' मारलं, तर आधी छोटं नाव आलं, मागून पूर्ण. मशीनवरची होस्ट्स फाइल, म्हणजे आयपी आणि नावांची यादी, उघडली. लाईट गेली की नावावरून आयपी सांगणारं डीएनएसचं मशीन बंद पडायचं, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच नऊ मशीनवर एक ओळ टाकली होती: आयपी, मग भांडार, मग भांडार.लॅब.लॅन. होस्ट्स फाइल डीएनएसच्या आधी वाचली जाते आणि आयपीनंतरचं पहिलं नाव अधिकृत धरलं जातं. उलटा शोध बंद केला तरी सरळ शोधातही तेच नाव हाती येतं. साध्या एनएफएसला या क्रमाचं काही देणंघेणं नव्हतं, म्हणून दोन वर्षं काहीच कळलं नाही.

पूर्ण नाव पुढे घेतलं, छोटं मागे. जीएसएसडी रीस्टार्ट, भांडार माउंट झालं, म्हणजे जोडलं गेलं. क्लिस्टमध्ये (मिळालेली तिकिटं दाखवणारी कमांड) भांडार.लॅब.लॅनचं तिकीट दिसलं तेव्हा जीव भांड्यात पडला. दुपारच्या बॅचला चाळीसही मशीन चालू होत्या. आता डीएनएसचं मशीन इन्व्हर्टरवर घेतोय, मग ती ओळ नऊही ठिकाणांहून काढून टाकणार आहे.