शेतातल्या समाध्या आणि सातबाऱ्यावरचं एक अक्षर

आम्ही गोसावी, दशनामी म्हणजे संन्याशांच्या दहा पंथांतले गिरी, पण घरबारी. आमच्यात अग्नी देत नाहीत, समाधी देतात. माणसाला मांडी घालून बसवतात, अंगाला भस्म, भोवती मीठ आणि बेल, आणि पुढे ऐपत असेल तसा वर चौथरा आणि पिंड. दिंडोरी तालुक्यात आमच्या जुन्या शेताच्या कोपऱ्यात अशा समाध्या आहेत. आजोबांनंतर सगळे नाशकात आलो, मी सातपूरला कंपनीत लागलो, चुलत घराने ते शेत विकलं आणि वीसेक वर्षं तिकडे कोणी फिरकलंच नाही. हे लिहितानाही जीव तुटतो.

द्राक्षांच्या ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत आत्याचा फोन आला, "अरे नवीन मालक बाग वाढवतोय, जेसीबी लावणार म्हणतात, आपली माणसं आहेत रे तिथे." रविवारी गेलो तर नुसतं घाणेरीचं रान, दोघांना कोयता घेऊन अख्खा दिवस लागला. सहा चौथरे निघाले, एक नंदी पालथा मातीत. आत्या म्हणत होती सात आहेत.

मालक माणूस वाईट नाही. म्हणाला, "दादा, मला पाडायची हौस नाही, पण मी सगळ्या क्षेत्राचे पैसे मोजलेत, काहीतरी कागद दाखवा." त्याचं बरोबरच होतं. आणि कागदावर तर काहीच नव्हतं, ऑनलाइन सातबाऱ्यात त्या दोन गुंठ्यांची नोंद पोटखराबा वर्ग अ. वर्ग अ म्हणजे खडकाळ वगैरे, पिकाला न येणारी जमीन, आणि 2018 पासून ती लागवडीखाली आणली की तशी नोंद करून घेता येते. तो तेच करणार होता.

मग जुने हस्तलिखित सातबारे मागवले. अर्ज, फी, नक्कल, तीन चकरा, प्रत्येक वेळी हाफ डे टाकून. तिसऱ्या चकरेला पिवळा पडलेला उतारा हातात आला आणि त्यावर स्पष्ट "पो.ख. ब" होतं. रस्ता, ओढा, दफनाची किंवा दहनाची जागा हे वर्ग ब मध्ये येतं, त्यावर आकार, म्हणजे शेतसारा, बसत नाही. म्हणजे कुणीतरी कधीकाळी शेतात उभं राहून ह्या समाध्या बघितल्या होत्या आणि लिहून ठेवलं होतं, आणि संगणकावर चढवताना ब चा अ झाला. एका अक्षराने पणजोबा पुसले गेले असते.

पुरावा पक्का हवा म्हणून गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक काढलं, जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात ते. ते मोडीत. 2023 ला कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना उसंत नाही, आमच्या नंबरला महिना लागला. वाचणाऱ्या काकांनी दाखवलं, मोडीत आधी आडवी रेघ मारायची आणि मग हात न उचलता खाली अक्षरं ओढायची, म्हणून सगळं एकमेकांत गुंतलेलं दिसतं. त्या गुंत्यात आमचं आडनाव निघालं, जात गोसावी, कारण ताप. तारीख ऑक्टोबर 1918. खाली चार दिवसांनी परत तेच आडनाव, परत ताप.

आजी म्हणायची, "मानमोडीत दोघं भाऊ गेले." मानमोडी म्हणजे 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ. मला लहानपणी ते गोष्टीतलंच वाटायचं.

परत शेतात गेलो. चौथऱ्यांवर चुन्याचे इतके थर की अक्षरं बुजलेली. कुणी ॲसिड सुचवलं, कुणी तारेचा ब्रश, कृपा करून असलं काही करू नका, दगडाचा वरचा थरच जातो. आम्ही गोणपाट भिजवून रात्रभर ठेवलं, सकाळी बांबूच्या कामटीने हलकेच खरवडलं आणि अंधार पडल्यावर मोबाईलचा टॉर्च दगडाला चिकटवून आडवा धरला. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला की खाचेत सावली पडते. "शके 1840 आश्विन" एवढं उमटलं. 78 मिळवले की 1918. आत्या खाली बसली आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली, आम्ही कोणी काही बोललो नाही.

नंतर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली लेखनप्रमाद, म्हणजे लिहिण्यातली चूक, दुरुस्तीचा अर्ज, सोबत जुना उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, फोटो, आत्याचा जबाब. पंचनामा झाला, मालकाने स्वतः सही केली, त्याचे उपकार विसरणार नाही. सात महिने गेले पण आदेश झाला, फेरफार पडला आणि सातबाऱ्यावर परत ब आला. मोजणीच्या दिवशी खुणा रोवल्या तर त्याने आपणहून ठिबकची नळी तीन फूट मागे घेतली.

त्याच दिवशी आत्याने सातवी जागा दाखवली, निंबाच्या बुडाशी, चौथरा नाही, काही नाही. तिची धाकटी बहीण, दीड वर्षाची होती. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. महाशिवरात्रीला सगळ्यांना घेऊन जातोय, तिथे दगड बसवायचाय, पण पोरीचं नाव ठेवलं होतं का ते आत्यालाही आठवत नाहीये, आता पुन्हा कोतवाल बुकाला अर्ज टाकलाय.