दोन क्रास्निची आणि एक रक्ताची पिशवी

रात्रीचे अडीच वाजले होते. रक्तपेढीतून आलेली पिशवी माझ्या हातात होती आणि समोर चौदा नंबरच्या खोलीत एक म्हातारे गृहस्थ अर्धवट झोपेत पडले होते. मी वाकून विचारलं, "हेर क्रास्निची?" त्यांनी मान डोलावली. "एक जानेवारी?" पुन्हा मान डोलावली. मी पिशवी स्टँडच्या हुकाला लावली.

ही गोष्ट जर्मनीतल्या, श्टुटगार्टजवळच्या एका रुग्णालयातली. मी तिथे मेडिसिनला नोकरी करते. त्या रात्री माझ्याकडे स्वतःच्या वॉर्डशिवाय आणखी दोन वॉर्ड होते आणि तिथले पेशंट मी पहिल्यांदाच बघत होते. सिस्टरचा फोन आला होता, "क्रास्नीकीचं रक्त आलंय, लावायला या." मी यादी उघडली, क्रास्निची दिसले, खोली चौदा. निघाले. त्याच्या खालच्याच ओळीत आणखी एक क्रास्निची होते, नऊ नंबरच्या खोलीत. ती ओळ मी वाचली नाही.

आडनाव एक. पहिलं नावही एकच. अल्बानियन मुसलमान घरांत ते जागोजागी सापडतं, इथे देत नाही. जन्मतारीख दोघांचीही १ जानेवारी, फक्त साल वेगळं, १९४६ आणि १९४९. यात नवल काही नाही. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या वडिलांच्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. ज्याला जन्माची तारीख सांगता येत नाही त्याच्या कागदावर इकडे १ जानेवारी येते. मला हे पुरतं ठाऊक होतं. तरीही मी तारीख विचारली आणि साल विचारलं नाही. शिवाय नाव मीच उच्चारलं आणि होकार मागितला. "तुमचं नाव सांगा" असं म्हणायला हवं होतं. कानाने अधू असलेला, झोपेतून उठवलेला माणूस डॉक्टरपुढे मान डोलावणारच.

जर्मनीत रक्त चढवण्याआधी डॉक्टरला पेशंटच्या उशाशीच त्याचा रक्तगट पुन्हा एकदा तपासावा लागतो. याला बेडसाइड टेस्ट म्हणतात. भारतात शिकताना मी क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि पेशंटचं रक्त जुळवून बघणं, पाहिलं होतं ते प्रयोगशाळेतलं. उशाशी बसून गट बघायचं हे मला इथेच कळलं. पत्त्याएवढं एक कार्ड असतं. त्यावर गोल खाने असतात, एकात ए-विरोधी द्रव, दुसऱ्यात बी-विरोधी. पेशंटच्या रक्ताचा थेंब प्रत्येकात टाकायचा, काडीने फिरवायचा आणि कार्ड हलकेच कलतं करत बघत राहायचं. गट ए असेल तर पहिल्या खान्यात रक्त फुटतं. दूध नासल्यासारखे कण वेगळे होतात, मधे पाणी दिसायला लागतं.

पिशवी ए गटाची होती. मी कार्ड कलतं केलं. पहिल्या खान्यातलं रक्त गुळगुळीत, एकसंध, काचेवर तेल पसरावं तसं. काही फुटलं नाही. दुसऱ्यातही नाही. अर्धं मिनिट गेलं. मी दिव्याखाली कार्ड धरलं, पुन्हा कलतं केलं. रक्त तसंच सरकत राहिलं.

म्हणजे समोरच्या माणसाचा गट ओ. ओ गटाच्या माणसाला ए गटाचं रक्त गेलं की त्याच्या शरीरातली प्रतिद्रव्यं त्या पेशी तिथल्या तिथे फोडतात. मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस दगावू शकतो, आणि त्याला पूर्ण पिशवी जावी लागत नाही. पिशवीच्या नळीची चिमटी बंद होती. एक थेंबही गेलेला नव्हता. मी पिशवी खाली काढली आणि मनगटावरची पट्टी वाचली. १९४६. पिशवीसोबतच्या कागदावर १९४९. माझे हात थंड पडले. आजही कधी झोपेत मला तो न फुटलेला थेंब दिसतो.

रक्त नऊ नंबरच्या क्रास्निचींसाठी होतं. त्यांच्या जठरातला व्रण संध्याकाळपासून वाहत होता. एंडोस्कोपीत क्लिप बसवल्या होत्या, पण हिमोग्लोबिन ६.८ वर आलं होतं. मी तिथे गेले आणि सगळं पहिल्यापासून केलं. "तुमचं नाव सांगा. जन्मतारीख, सालासकट." कार्डावर ए-विरोधी खान्यात रक्त फुटलं, ते बघून मला रडू आलं. सव्वातीनला नळी सुरू केली आणि पहिली दहा मिनिटं त्यांच्या शेजारीच बसले. सकाळी बाईंना, म्हणजे आमच्या वरिष्ठ डॉक्टरांना सांगितलं आणि लेखी नोंद केली. त्या म्हणाल्या, "पेशंटनाही सांग. दोघांनाही."

चौदा नंबरचे आजोबा श्रवणयंत्र लावून नाश्ता करत होते. १९७० साली ते इथे आले. जर्मनी आणि युगोस्लाव्हिया यांच्यात कामगारभरतीचा करार झाला १९६८ मध्ये, त्यानंतर आलेल्यांपैकी ते एक. पन्नास वर्षांत त्यांच्या जर्मनला इथला श्वाबी हेल चढलाय. मी सांगितलं ते त्यांनी पाव खाली ठेवून ऐकलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी आधी विचारलं, "तुम्ही माझं नाव बरोबर कसं घेता? इथे सगळे क्रास्नीकी म्हणतात." अल्बानियन लिपीतल्या त्या अक्षराचा उच्चार 'च'च्या जवळचा आहे हे मला एका सहकाऱ्याने शिकवलं होतं. मग त्यांनी विचारलं, "आणि तो दुसरा? तो कुणाचा?"

मला ते कळलं नाही. कुणाचा म्हणजे?

"इ कुय्त ये?" ते म्हणाले. "आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की असं विचारतात. तू कुणाचा?"

गावाकडे एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात, पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांनी मला हाच प्रश्न किती वेळा विचारलाय. कुणाची गं तू? नाव विचारत नाहीत. नावाने काय कळतंय.

त्यांना हृदयाचा त्रास होता, चालवत नव्हतं. मी व्हीलचेअर आणली आणि त्यांना नऊ नंबरला नेलं. माझी ड्यूटी केव्हाच संपली होती.

धाकट्या क्रास्निचींना जर्मन तोडकंमोडकं येतं; ते नव्वदच्या दशकात आले, चाळिशी उलटल्यावर. थोरले दुभाषी झाले. दोघांनी हात मिळवले आणि लगेच एकमेकांना पूर्वज सांगायला लागले. आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. आठव्या-नवव्या पिढीपर्यंत धाकटे न अडखळता गेले. थोरल्यांची गाडी सहाव्यावर थांबली आणि ते खजील झाले, तेव्हा धाकट्यांनी सलाईनची सुई नसलेला हात त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. दोघांच्या वंशावळी कुठे जुळल्या नाहीत. तरी दोघं एकाच 'फिस'चे.

फिस म्हणजे टोळी असं पुस्तकात लिहितात. मला तो शब्द पटत नाही. आपल्या 'भावकी'त जे येतं ते टोळीत येत नाही. एका मूळपुरुषापासून बापाच्या बाजूने आलेले सगळे, म्हणजे फिस. क्रास्निची फिस मूळ अल्बानियाच्या ईशान्येचा, वाल्बोना नदीच्या खोऱ्यातला, त्रोपोया भागातला. तिथून लोक खाली कोसोवोच्या सपाटीवर उतरले आणि आज कोसोवोत सर्वात जास्त भेटणाऱ्या आडनावांत क्रास्निची येतं. गाशी, बेरीशा, शाला ही दुसरी आडनावंही अशीच, मुळात फिसांची नावं. कागदावर आडनाव नोंदवायची वेळ आली तेव्हा कुणी आजोबांचं नाव लावलं, कुणी फिसचं. थोरल्यांच्या वडिलांच्या जुन्या कागदावर तर 'क्रास्निच' असं स्लाव्ह वळणाचं नाव होतं, राजवट तशी होती म्हणून.

धाकटे उशीला टेकून सांगत होते. केक नावाच्या माणसाच्या मुलांपासून क्रास्निची झाले, होती झाले, आणि वासोयेविची आणि पिपेरीही झाले. मी थोरल्यांकडे दोनदा खात्री करून घेतली. होती अल्बानियन, बहुतेक कॅथलिक. वासोयेविची आणि पिपेरी माँटेनेग्रोतले, स्लाव्ह भाषा बोलणारे, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन. क्रास्निची बहुतेक मुसलमान. जिथे शेजाऱ्यांनी एकमेकांची गावं जाळलेली आहेत त्या मुलखात म्हातारी माणसं अजून सांगतात की हे सगळे एका बापाचे. दंतकथा आहे, इतिहास म्हणून कुणी शपथ घेणार नाही. मला ती फार मोलाची वाटते.

मित्स सोकोलीचं नाव दोघांनी एकदमच घेतलं. बुयान गावचा क्रास्निची. १८८१ मध्ये स्लिवोव्याच्या लढाईत त्याने ऑटोमन तोफेच्या तोंडाला छाती लावली आणि तिथेच मेला. मला मावळ्यांच्या गोष्टी आठवल्या आणि मी तसं सांगितलंही. नाश्त्याची ताटं न्यायला आलेल्या सिस्टरला मात्र वेगळाच क्रास्निची माहीत होता, लुआन, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये जर्मनीसाठी हेवीवेटचं कांस्यपदक आणणारा बॉक्सर. "तोही आमचाच," थोरले म्हणाले.

मग धाकट्यांनी विचारलं की आम्ही एकाच रक्ताचे, तर त्याला माझं रक्त का चाललं नसतं?

मी रक्तगट समजावायला लागले, पण थोरल्यांनी आधी मला समजावलं. डोंगरातल्या जुन्या कायद्यात, कानूनमध्ये, माणसाची दोन झाडं असतात. बापाकडचे सगळे म्हणजे रक्ताचं झाड. आईकडचे सगळे म्हणजे दुधाचं झाड. फिस रक्ताच्या झाडावरून ठरतो. म्हणून क्रास्निची मुलगा क्रास्निची मुलीशी लग्न करत नाही, सात पिढ्या मागे गेल्या तरी नाही. आमच्यात देवक बघतात ते मी सांगितलं. एकाच देवकाची सोयरीक होत नाही, याचं त्यांना अजिबात नवल वाटलं नाही.

मी म्हटलं, "रक्तगट नुसता बापाकडून येत नाही. एक वाटा बापाचा, एक आईचा. तुमचा ए कदाचित आईचा असेल."

थोरल्यांनी भाषांतर केलं. धाकटे बराच वेळ पिशवीच्या रिकाम्या नळीकडे बघत राहिले. "माझी आई गाशी होती," ते म्हणाले. "म्हणजे माझ्या अंगात गाशींचं रक्त आहे. मी तर आयुष्यभर ते दूध समजलो."

मग त्यांनी जे सांगितलं त्याचं भाषांतर करताना थोरल्यांना मधे मधे थांबावं लागलं. १९९० च्या १ मे रोजी ते देचानजवळच्या वेरात ए लुकसच्या माळावर होते. लोकसाहित्याचे अभ्यासक आंतोन चेता आणि त्यांच्यासोबतची तरुण मुलं त्या वर्षी कोसोवोत घरोघरी फिरत होती. खुनाचा बदला खुनाने घ्यायचा, पिढ्यान्‌पिढ्या, अशी वैरं त्यांना मिटवायची होती. त्या दिवशी माळावर लाखो माणसं जमली. धाकट्यांच्या चुलत्याचा खून झाला होता, ते रक्त घ्यायचं त्यांच्या घराकडे बाकी होतं. त्यांनी पुढे होऊन, सगळ्यांसमोर, ते माफ केलं. अल्बानियनमध्ये 'फाल' या एकाच क्रियापदाचे दोन अर्थ आहेत, माफ करणं आणि दान देणं. ते पिशवीकडे बोट दाखवून थोरल्यांना काहीतरी म्हणाले.

"तो म्हणतो, त्याने एकदा रक्त फाल केलं होतं. काल रात्री कुणीतरी त्याला फाल केलं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं.

निघताना मी पुन्हा एकदा माफी मागितली, थोरल्यांची. ते म्हणाले, "आमच्या युगोस्लाव्ह कागदांत मधे बापाचं नाव असायचं. इथे आलो आणि ते गळलं. ते असतं तर तुम्ही चुकला नसता." माझ्या जर्मन ओळखपत्रावर माझ्या वडिलांचं नाव माझं दुसरं नाव म्हणून छापलंय. इथल्या फॉर्ममध्ये बापाच्या नावाला खाना नाही, म्हणून ते माझ्याच नावाला चिकटलं. टपाल येतं त्यावर कधी कधी नुसतं बाबांचंच नाव असतं.

मी दोघांना वडिलांची नावं विचारली. वेगवेगळी होती. नर्सिंग स्टेशनच्या फळ्यावर खोल्यांपुढे पेशंटची आडनावं लिहिलेली असतात. नऊपुढे क्रास्निची, चौदापुढे क्रास्निची. मी दोन्हींच्या पुढे कंसात बापाचं नाव लिहिलं. सकाळच्या सिस्टरने वाचलं, उच्चार विचारला आणि मोठ्याने दोनदा म्हणून बघितला. मग लाल पेन घेऊन तिने दोन्ही नावांखाली रेघ ओढली.