ऱ्हाईनच्या काठाकाठानं: बाझल ते नायमेगन

युरोप टूर करून आलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये ऱ्हाईन फॉल्सचा फोटो असतोच. शाफहाउसेनजवळचा हा धबधबा दीडशे मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. बस थांबते, होडीतून मधल्या खडकापर्यंत चक्कर होते आणि बस पुढच्या गावाला निघते. आम्ही दोघांनी मात्र तिथून नदीबरोबर खाली जायचं ठरवलं होतं.

आमचं घर सांगलीत. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीत किती अडवलं यावर दर पावसाळ्यात भांडणं होतात. एका देशातल्या दोन राज्यांना जे जड जातं, ते ऱ्हाईनकाठच्या देशांनी कसं जमवलं हे मला बघायचं होतं. नदी सुमारे १,२३० किलोमीटर लांब, खोरं नऊ देशांत पसरलेलं, आणि त्यातल्या काहींनी एकमेकांशी दोन महायुद्धं लढलेली.

सुरुवात बाझलपासून करा. इथल्या हॉटेलात उतरलात की मुक्कामभर शहरातल्या ट्राम-बस फुकट वापरायचं कार्ड मिळतं, ते काउंटरवर आठवणीनं मागून घ्या. स्वित्झर्लंडमध्ये बाहेरचं जेवण फार महाग पडतं. सुपरमार्केटमधला पाव, चीज, फळं आणि घरून नेलेले ठेपले यांवर दुपार निभते. पाणी विकत घेऊ नका, नळाचं आणि चौकातल्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं असतं. यातलं बरंचसं ऱ्हाईनचंच असतं. नदीचं पाणी लांगे एर्लेन नावाच्या जंगलात झाडांखाली पसरून जमिनीत मुरू देतात आणि खालून विहिरींतून उपसतात. ट्रामनं तिथवर जाता येतं. गर्द सावली आणि झाडांच्या बुंध्यांशी साचलेलं उथळ पाणी. शहराला पाणी देणारी व्यवस्था अशी शांतपणे चालते हे पाहून मी तिथं बराच वेळ थांबलो.

या शहराच्या जरा वर श्वाइझरहाले आहे. १ नोव्हेंबर १९८६ च्या पहाटे तिथल्या सँडोझ कंपनीच्या रसायनांच्या गोदामाला आग लागली. आग विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकं घेऊन नदीत उतरलं. नदी लाल झाली आणि खाली जर्मनीतल्या लोरेलाय कड्यापर्यंत, म्हणजे सुमारे चारशे किलोमीटरवर, ईल मासे मरून पडले. खालच्या देशांना खबर उशिरा पोचली, हे लोकांच्या मनाला जास्त लागलं. ऱ्हाईनच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय आयोग १९५० पासून होता, पण त्याच्या बैठकांना खरा जोर आला तो या आगीनंतर. १९८७ मध्ये मंत्र्यांनी कृती कार्यक्रम मंजूर केला आणि त्यात कुणालाही समजेल असं एक उद्दिष्ट ठेवलं: अंडी घालायला समुद्रातून नदीत वर चढणारा सामन (सॅल्मन) मासा सन २००० पर्यंत परत आला पाहिजे. सरकारी उद्दिष्ट इतकं साधं ठेवता येतं, याचं मला फार कौतुक वाटलं.

बाझलहून ८ नंबरची ट्राम जर्मनीतल्या वाइल आम राइनला जाते. तिथून पायी पूल ओलांडला की फ्रान्समधलं युनिंग. पासपोर्ट जवळ ठेवा, मधूनच तपासणी होते. काठानं अर्धा तास उत्तरेला चाललात की पामराइन पूल लागतो, आणि त्याच्याजवळ ज्यासाठी मी मुद्दाम आलो होतो ते ठिकाण: पाणी तपासणारं केंद्र. स्वित्झर्लंड आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्य ते १९९३ पासून मिळून चालवतात. पात्राच्या रुंदीभर पाच ठिकाणांहून पाणी आत ओढतात, कारण कारखान्याचं सांडपाणी बराच अंतरभर एकाच काठानं वाहत राहतं आणि मधला एकच नमुना घेतला तर ते हुकतं. काही वावगं सापडलं की खालच्या सगळ्या केंद्रांना इशारा जातो आणि तो लोंढा कुठे केव्हा पोचेल याचा हिशेबही मांडला जातो. बाहेरून पाहिलंत तर साधी इमारत आहे, आत सहज सोडत नाहीत. तरी जा. वरच्याचे आकडे खालच्यानं मानायचे नाहीत आणि खालच्याचे वरच्यानं, इथंच आपल्याकडे घोडं अडतं. एकच केंद्र दोघांनी मिळून चालवलं की आकड्यांवरचा वाद बराचसा मिटतो.

पुढे फ्रान्सच्या अल्सास भागात नदीला समांतर मोठा कालवा दिसेल. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहानं फ्रान्सला ऱ्हाईनचं पाणी वळवायचा हक्क दिला, त्यातून तो झाला. याच भागात, म्युलूझच्या बाजूला, पोटॅशच्या खाणी होत्या. त्यांचं मीठ नदीत सुटायचं आणि पार खाली नेदरलँड्सच्या पिण्याच्या पाण्याला आणि बागांना नडायचं. १९७६ मध्ये बॉनला करार झाला आणि मीठ रोखायचा खर्च चौघांनी वाटून घ्यायचं ठरलं: फ्रान्स ३० टक्के, जर्मनी ३०, स्वित्झर्लंड ६ आणि नेदरलँड्स ३४. नुकसान सोसणाऱ्यानंच सगळ्यांत मोठा वाटा उचलला. न्याय म्हणून मला हे अजूनही पटत नाही. पण करार अमलात यायलाच १९८५ उजाडलं, हे पाहिल्यावर डच लोकांनी खिशात हात का घातला ते कळतं.

स्ट्रासबुर्गला एक मुक्काम पुरे. जहाजवाहतुकीचा ऱ्हाईन आयोग इथल्या पॅले द्यु राँ या जुन्या राजवाड्यात आहे. त्याचं मूळ १८१५ च्या व्हिएन्ना काँग्रेसमध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या परिषदेत. ट्रामनं पूल ओलांडून जर्मनीतल्या केलला जेवून या, तिकडे जरा स्वस्त पडतं.

गाम्बशाइम मात्र चुकवू नका. स्ट्रासबुर्गहून सुमारे वीस किलोमीटर, सायकलनं काठाकाठानं जाणं उत्तम. रेल्वेनं गेलात तर स्टेशनपासून पुढची पायपीट धरून चाला. इथलं धरण आणि वीजघर फ्रान्स-जर्मनीनं मिळून बांधलं, वीज निम्मी-निम्मी. बाजूला २००६ मध्ये माशांसाठी पायऱ्या-पायऱ्यांचा मार्ग केला आणि त्याला जमिनीखाली काचेच्या खिडक्या ठेवल्या. आम्ही उभे होतो तेव्हा काचेपलीकडे मातकट हिरवं पाणी जोरात वाहत होतं. मग हाताएवढा एक बार्बेल मासा आला. प्रवाहाकडे तोंड करून तो एका जागी तरंगत राहिला, शेपटी तेवढी हलत होती. ओठाजवळच्या मिशा स्पष्ट दिसल्या. बऱ्याच वेळानं एक झटका देऊन तो वरच्या टप्प्यात गेला. बार्बेल मे-जूनमध्ये वर चढतात. सामन बघायचा असेल तर पावसाळा उलटल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास या, आणि उघडण्याच्या वेळा आधी पाहून ठेवा. सामन नदीत परतलाय, पण बाझलपर्यंत मोकळी वाट २०२० पर्यंत व्हायची होती, ती झालेली नाही. वरच्या फ्रेंच वीजघरांवरचे मार्ग रेंगाळलेत. खालचे देश दर परिषदेत तो विषय काढतात आणि काढलाच पाहिजे.

माइन्झहून कोब्लेन्झला डाव्या काठाच्या लोकल गाडीनं जा आणि उजवीकडची खिडकी पकडा. पात्राच्या मधोमध एक छोटा किल्ला दिसला की समोरचं गाव काउब. तिथली पाणीपातळी सगळे बोटवाले रोज बघतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती २५ सेंटिमीटरवर आली होती. म्हणजे नदीत वीतभर पाणी होतं असं नव्हे, मोजपट्टीचा शून्य तळाच्या बराच वर असतो. पण जहाजांना माल निम्म्याहून कमी भरावा लागला. ऑगस्टनंतर बोटीचं तिकीट काढणार असाल तर आदल्या दिवशी चौकशी करा.

कोब्लेन्झला मोझेल नदी येऊन मिळते. ऱ्हाईनच्या संरक्षणाच्या आयोगाचं कार्यालय इथंच काठावर आहे. बघण्यासारखं काही नाही, पण संगमावर बसायला सुंदर जागा आहे.

कोलोनच्या जुन्या गावात पाणीपातळीचं घड्याळ आहे. लहान काटा मीटर दाखवतो, मोठा डेसिमीटर. आम्ही पाहिलं तेव्हा लहान काटा तीनच्या जवळ होता. जानेवारी १९९५ मध्ये तो १०.६९ मीटरवर गेला होता, आणि खाली नेदरलँड्समध्ये अडीच लाख लोक हलवावे लागले. १९९८ मध्ये याच आयोगानं पुराची कृती योजना केली, तिचा गाभा असा की नदीला पसरायला जागा वरच्या देशांनीही द्यायची.

ती जागा कशी देतात ते नायमेगनला दिसतं. ड्युसेलडॉर्फहून लोकल गाडीनं आर्नहेम आणि तिथून नायमेगन. जर्मनीत डॉइचलँड-टिकेट हा महिन्याचा पास घेतला असेल तर तो आठवणीनं रद्द करा, नाहीतर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात, आणि लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांना तो चालत नाही. ऱ्हाईनचं दोन-तृतीयांश पाणी इथून वाल नावानं जातं. समोरच्या लेन्टला बांध ३५० मीटर मागे सरकवून बाजूनं नवा प्रवाह खणलाय, काम २०१६ मध्ये पुरं झालं. पन्नासच्या आसपास घरं त्यासाठी हलवली. मधल्या बेटावर पुलावरून चालत जाता येतं, उन्हाळ्यात लोक पोहतात.

शेंगेन व्हिसा एकच लागतो. ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा, तेव्हा मुक्काम आधी मोजून घ्या. येताना झ्युरिक आणि परतीला आम्स्टरडॅम असं विमान ठेवलंत तर उलटा प्रवास वाचतो. नायमेगनहून आम्स्टरडॅम रेल्वेनं दीड तासाच्या आसपास आहे.