अठरावा दिवस

रविवार, रात्री साडेनऊ

छाती लहान करण्याच्या ऑपरेशननंतर आज पहिल्यांदा आरशासमोर उभं राहून सगळं नीट बघितलं. इतके दिवस ड्रेसिंग बदलताना मान फिरवून घेत होते. स्तनाग्राच्या वर्तुळाभोवती टाक्यांची एक गोल ओळ, तिथून सरळ खाली उतरणारी दुसरी आणि खालच्या घडीतून आडवी जाणारी तिसरी. जहाजाच्या नांगरासारखं दिसेल, असं डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवलं होतं. डावीकडे उभी ओळ आडवीला मिळते तिथे चिमटीएवढी जागा अजून ओली आहे. तिथे ताण जास्त आणि रक्तपुरवठा कमी, म्हणून भरायला वेळ लागतो, हेही सांगून ठेवलं होतं. तरी बघितल्यावर पोटात गोळा आलाच.

चौदाव्या वर्षापासून मी खांदे पुढे पाडून चालते. शाळेत दप्तर छातीशी, कॉलेजात ओढणी, नंतर पदर. दुसऱ्या बाळंतपणानंतर मान आणि पाठ कायमचीच धरली. त्यात सांगलीचा उन्हाळा. घडीतली कातडी घामाने सोलवटून लाल व्हायची. आत सुती रुमालाची घडी सारून मी मार्केट यार्डात अडत दुकानात दिवसभर हळदीचा हिशेब लिहायची. वजन कमी करा, म्हणाले सगळे. नऊ किलो कमी केलं. चेहरा उतरला, छाती होती तशीच.

विम्याच्या कागदावर या ऑपरेशनला ‘सौंदर्यासाठी’ म्हणून नकार आला. तो शब्द मला फार लागला. सुंदर दिसायचं म्हणून कोण तीन तास भूल घेऊन टेबलावर पडेल? साठवलेले पैसे मोडले आणि मिरजेला गेले.

चाळिशी उलटलेली, म्हणून आधी मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, झाली. साखर तपासली. सकाळी डॉक्टरांनी मला उभं करून मार्करने खुणा केल्या, कारण आडवं झाल्यावर आकार बदलतो. स्तनाग्र कापून वेगळं काढतील ही मला मोठी धास्ती होती. पण रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत राहाव्यात म्हणून ते आतल्या मांसाच्या देठावर तसंच ठेवून वर सरकवतात. उजवीकडे स्पर्श आता कळतो, डावीकडे अजून बधिर आहे. येईलच अशी हमी कुणी देत नाही.

काढलेल्या भागाचं वजन करून तो तपासणीला पाठवतात. रिपोर्ट चांगला आला. त्यात दोन आकडे होते: 710 ग्रॅम आणि 640 ग्रॅम. रोज क्विंटलात मापं मांडणारी मी, त्या दोन आकड्यांची बेरीज करून रडले. 1350 ग्रॅम. ‘तुला उगीच वाटतं’ असं ज्यांनी ज्यांनी म्हटलं, त्यांना तो कागद दाखवावासा वाटला.

पुतणी विचारत होती, काकू, मी पण करू का? अठराची आहे, तिचाही त्रास खरा आहे. तिला सांगितलं, वाढ पूर्ण थांबू दे. पुढे बाळाला पाजताना दूध कमी येऊ शकतं किंवा येणारही नाही, हे डॉक्टरांशी आधी बोल. माझी पोरं मोठी झाली, मला तो प्रश्न नव्हता.

सहा आठवडे रात्रंदिवस घट्ट ब्रा, जड उचलायचं नाही. हात वर नेऊन केसही धुता येत नाहीत. ‘देवानं दिलेलं कापून टाकतात का,’ म्हणणाऱ्या सासूबाईच परवा तांब्या घेऊन मागे उभ्या राहिल्या. पाणी ओतता ओतता हात थांबला. ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यावर पडलेल्या खाचेतून त्यांनी अंगठा फिरवला.

“कधीपासनं हाय हे?”

“लई वर्षं झाली, आत्या.”

“कावडीनं पाणी आणणाऱ्या गड्याच्या खांद्याला असती तशी हाय.”

पुढे काही बोलल्या नाहीत. आज जेवण झाल्यावर खोबरेल तेलाची वाटी घेऊन आल्या आणि टाक्यांना धक्का न लावता दोन्ही खांदे बराच वेळ चोळत बसल्या.